स्लोची चव आणि आडवी बाटली
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय सुचवला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं भविष्य'. गेली वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ही अपेक्षा रास्तच होती. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी त्या विषयावर आपली इतकी मंडळी ज्ञान देत असतात, की मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी वेगळा विषय निवडला. गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये मी फळांच्या जिनची चव घेण्याच्या एका कार्यक्रमाला गेले होते. त्याबद्दल बोलणार आहे.

पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या भुवया वर गेलेल्या मला दिसल्या. मागच्या रांगेतून शिट्टीही आली. दोन्ही अपेक्षित होतं. आधीच सांगते, ही जिनची जाहिरात नाही आणि दारूबंदीवरचं प्रवचनही नाही. शेवटपर्यंत ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते जेवताना बोला.

आधी ते फळ काय आहे ते सांगते. इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेला काटेरी झुडपांची कुंपणं असतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या मोकळ्या, सामाईक जमिनी वाटून घेऊन त्यांना कुंपणं घातली गेली, तेव्हा अशी झुडपं मैलोगणती लावली गेली. त्यांतलं एक म्हणजे ब्लॅकथॉर्न. अलुबुखाऱ्याच्या कुळातलं. काळी साल, लांब काटे. थंडी संपता संपता, पानं यायच्या आधीच ते पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्याला शरद ऋतूत करवंदाएवढी, काळी-निळी, वर पांढुरकी झाक असलेली फळं लागतात. त्या फळाला म्हणतात स्लो. इंग्रजीतल्या हळू जाण्याच्या 'स्लो'शी त्याचा संबंध नाही, पण त्याचं पेय करायला महिने लागतात, त्यामुळे नाव शोभतं.

हे फळ झाडावरून तोडून थेट तोंडात टाकलं, तर चेहरा वाकडा होतो. जीभ जड पडते, गालाची आतली बाजू ओढली जाते. कच्चं टेंभरू खाल्लंय ना आपण? शाळेच्या मागच्या नाल्यापलीकडे पैज लावून? अगदी तसंच. त्यामुळे तिथले लोक ते फळ नुसतं खात नाहीत. जिनमध्ये साखरेबरोबर मुरवतात. साधारण अर्धा किलो फळं, पाव किलो साखर आणि लिटरभर जिन. फळांना आधी टोचे मारायचे. जुनी माणसं म्हणतात, त्याच झाडाच्या काट्याने मारा. पहिलं दव गोठल्यावर फळं तोडायची असाही रिवाज आहे, कारण गोठल्याने साल फाटते आणि रस सुटतो. आता लोक सरळ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. मग बरणी बंद करायची, अधूनमधून हलवायची आणि दोन-तीन महिने वाट पाहायची. ऑक्टोबरात घातलेलं नाताळात गाळतात.

ऐकताना तुम्हाला काय आठवलं? मला आजीची लोणच्याची बरणी आणि विज्ञानाच्या बाईंचा मनुकांचा प्रयोग आठवला. साध्या पाण्यात टाकलेली मनुका फुगते, साखरेच्या दाट पाण्यात टाकलेलं द्राक्ष सुरकुततं. परासरण! बाई, उत्तरपत्रिकेत मी तो शब्द बरोबर लिहिला होता, पण तो खरा समजला त्या बरणीपुढे. स्लोच्या बरणीतली फळंही शेवटी तशीच सुरकुततात. साखर आणि अल्कोहोल मिळून फळातला रंग, आंबटपणा आणि तुरटपणा बाहेर काढतात. बी तशीच ठेवली की तिच्यातून बदामासारखा हलका वास उतरतो. कडू बदामाला जो वास असतो तोच हा, आणि त्यामागचं रसायनही तेच आहे.

आता कार्यक्रमाकडे येते. मी राहते ते डेव्हनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला. जवळच्या प्लिमथ शहरात १७९३ पासून जिन गाळणारी ब्लॅक फ्रायर्स नावाची भट्टी आहे. त्यामुळे त्या भागात जिनबद्दल लोकांना तसाच जिव्हाळा, जसा आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याबद्दल. आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्याने वाढदिवसानिमित्त सहा तिकिटं काढली होती. जागा म्हणजे एका छोट्या दुकानाचा वरचा मजला. लांब टेबल, प्रत्येकापुढे सहा छोटे ग्लास, पाण्याचा जग, साधे पाव, एक छापील कागद, पेन्सिल आणि एक झाकणाचं भांडं. भांडं कशाला, ते मला कळेना. शेजारची म्हणाली, थुंकायला.

मित्रांनो, त्या क्षणापासून मला त्या कार्यक्रमात रस वाटायला लागला. दारूच्या दुकानात, दारूच्या कार्यक्रमात, दारू तोंडात घेऊन थुंकून टाकायची सोय! आणि तसं केलं तर कोणी हसत नाही, कोणी 'एवढ्याने काय होतंय' म्हणत नाही. परत जाताना गाडी मी चालवणार होते. तिथे श्वासातल्या अल्कोहोलची मर्यादा शंभर मिलिलिटरला ३५ मायक्रोग्रॅम आहे आणि पोलिस रस्त्याच्या कडेला फुंकायला लावतात. तेव्हा ते भांडं मी अगदी मनापासून वापरलं.

कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी पहिल्या ग्लासात साधी जिन दिली. जिन म्हणजे काय, तर शेतमालापासून केलेल्या तटस्थ अल्कोहोलमध्ये जुनिपरची चव प्रमुख असायलाच हवी, अशी तिथल्या कायद्याची अट. जुनिपर म्हणजे आयुर्वेदातली हपुषा. तिच्या वासाने मला काष्ठौषधींच्या दुकानाची आठवण झाली. साध्या जिनमध्ये अल्कोहोल किमान ३७.५ टक्के हवं. फळांच्या लिकरमध्ये ते कमी चालतं, पण साखर लिटरला किमान शंभर ग्रॅम लागते. स्लो जिन हे नाव लावायचं तर स्लोची फळं खरोखर जिनमध्ये मुरवलेली हवीत आणि अल्कोहोल किमान २५ टक्के हवं. बाजारातल्या नावाजलेल्या बाटल्यांवर बहुधा २६ टक्के लिहिलेलं असतं.

त्या बाईंनी लेबल कसं वाचायचं हे पंधरा मिनिटं शिकवलं. रंग गुलाबी आहे म्हणून फळ आहे असं समजू नका. 'जिन' लिहिलंय की 'जिन लिकर', ते पाहा. टक्के पाहा. गोड लागतं म्हणून हलकं आहे असं मुळीच धरू नका, साखर अल्कोहोलची धार झाकते इतकंच. माझ्या पिढीतल्या, माझ्या व्यवसायातल्या बाईला हे पटकन कळतं. स्क्रीनवर काय दिसतं आणि आत काय चाललंय, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे सांगण्याचाच पगार मला मिळतो.

मग एकेक ग्लास. स्लो, डॅमसन म्हणजे छोटा आंबट अलुबुखारा, रासबेरी, ऱ्हुबार्ब. प्रत्येक वेळी आधी रंग पाहायचा, मग वास, मग एक घोट तोंडभर फिरवायचा, आणि कागदावर लिहायचं. स्लोची पाळी आली तेव्हा टेबलावर जरा गोंधळ झाला. कोणी लिहिलं आंबट, कोणी कोरडं, कोणी कडू. शेजारची म्हणाली, जीभ सुकल्यासारखी होते त्याला काय म्हणायचं? पुस्तकी शब्द त्यांच्याकडे आहे, पण तो घरात, भाजी निवडताना, मुलाला भरवताना वापरायचा शब्द नाही. मी म्हटलं, आमच्याकडे याला रोजचा शब्द आहे. तुरट. आवळा तुरट, जांभूळ तुरट, सुपारी तुरट, कच्चं केळं तुरट. आमच्या जुन्या शास्त्रात सहा रस मोजले आहेत, त्यांत हा एक. मग सगळ्या टेबलाने 'तुरट' म्हणायचा सराव केला. 'ट' काही जमला नाही. पण कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला, आणि कारणही सांगितलं. फळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंडातला ओलावा गेल्यासारखा वाटतो.

मला त्या संध्याकाळी माझं कौतुक झालं याचा आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही. इंग्रजी माध्यमातली नाही, शहरातली नाही, आणि चव ओळखण्याच्या खेळात पहिली आले. चारं, टेंभरं, येरोण्या, बोरं, कवठ, विलायती चिंच हा सगळा अभ्यासक्रम आपण मधल्या सुट्टीत पूर्ण केला होता. त्याची गुणपत्रिका पंचवीस-तीस वर्षांनी मिळाली.

पण तेवढंच असतं तर मी हे इथे सांगितलं नसतं. ग्रुपवर फोटो टाकून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तिला मी सगळं सांगते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग पेलीस का नाई, थे सांग." मी म्हटलं, "चव घेतली आणि थुंकली." ती म्हणाली, "पैसे देऊन थुंकाले गेली होतीस का वं?" आणि हसली. नंतर म्हणाली, "आपल्या इथं बी थुंकाची सोय असती तं बरं झालं असतं."

आईचं हे वाक्य तुम्हाला कळावं म्हणून आपलं गाव आठवा. नदीच्या त्या काठाला वर्धा जिल्हा. गांधीजींचा जिल्हा म्हणून तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. या काठाला आपण. त्यामुळे पुलाच्या अलीकडे, आपल्या बाजूला, दुकानांची रांग. सायकलवरून शाळेत येताना ती रांग आपण रोज पाहिली. संध्याकाळी पुलावरून येणारी माणसं सरळ यायची आणि जाताना वाकडी जायची, यावर आपण विनोद करायचो. आपल्यातल्या काहींना तो विनोद करता यायचा नाही, कारण त्या माणसांत त्यांचे वडील असायचे. तेव्हा हे आपल्या लक्षात यायचं वय नव्हतं. आता आहे.

पुढे गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं. माझी आई त्यांत होती. 'उभी बाटली, आडवी बाटली' तुम्हाला ठाऊक आहे. उभ्या बाटलीला मत म्हणजे दुकान राहू द्या, आडवीला मत म्हणजे बंद करा. त्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या बहुतेक बायकांनी आडवीलाच मत दिलं. तरी दुकान राहिलं. कारण नियमाप्रमाणे पडलेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी, पुण्याला कामाला गेलेल्या सुना, वारलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची नावं यादीत होतीच. जी आली नाही, ती जणू उभ्या बाटलीच्या बाजूने उभी. गणिताच्या सरांनी शिकवलं होतं, अपूर्णांक पाहताना छेद आधी पाहा. आईला मी तो छेद फोनवर समजावून सांगितला. ती म्हणाली, "थे आमाले बी समजलं. पन मेलेली बाई मत द्याले कशी येईन?"

आता या दोन चित्रांत मी बरेच दिवस अडकले होते. तिकडे टेबल, पेन्सिल, छापील कागद, काट्याने टोचलेली फळं, कौतुक. इकडे पुलावरची रांग. वस्तू एकच, इथाइल अल्कोहोल. मग तिथे ती संस्कृती आणि इथे ती शरम, असं का?

म्हणून मी थोडं वाचलं. आणि कळलं की तिथेही ती शरमच होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये जिनचा कहर झाला होता. स्वस्त, कडक, गल्लीबोळांत मिळणारी जिन. त्यात बायकाही बुडाल्या, म्हणून तिला पुढे 'आयांचा सत्यानाश' अशा अर्थाचं टोपणनाव पडलं. १७३६ मध्ये संसदेने विक्रेत्यांवर वर्षाला पन्नास पौंडांचा परवाना लादला. त्या काळी ती मोठी रक्कम होती. परवाना फार थोड्यांनी घेतला, दंगे झाले, आणि धंदा मागच्या दाराने चालू राहिला. १७५१ मध्ये नवा कायदा आला. त्याने कोण कुठे विकू शकेल यावर बंधनं आणली आणि कर वाढवला. त्याच वर्षी होगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' हे चित्र छापलं. त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल कठड्यावरून खाली पडतंय. पुढे हळूहळू खप उतरला. कायद्याबरोबर धान्य महागलं, हेही त्याचं एक कारण होतं.

म्हणजे जे टेबल मी पाहिलं, ते तयार व्हायला अडीचशे वर्षं लागली आहेत. आणि तरी सगळं ठीक झालेलं नाही. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात केवळ दारूमुळे होणाऱ्या आजारांनी दहा हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा तिकडचे लोक शहाणे आणि आपण अडाणी, असं सांगायला मी आलेली नाही.

आपल्याकडे इतिहास वेगळ्या वळणाने गेला. आपली स्लो म्हणजे मोह. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहाखाली पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा सडा पडतो, बायका आणि पोरं टोपल्या भरून वेचतात. फुलं वाळवून खातात, भाकरीत घालतात, आणि दारूही गाळतात. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क सरकारी देखरेखीखाली नेला. १८९२ च्या म्हौरा कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागात फुलं गोळा करण्या-साठवण्यावरच बंधनं आणली. ज्यांच्या अंगणात झाड, ते गुन्हेगार ठरले, आणि ठेकेदाराची बाटली कायदेशीर ठरली. डेव्हनच्या कुंपणावरची फळं वेचून घरी मुरवणाऱ्या आजीला कोणी पकडत नाही, कारण ती कर भरलेली जिन विकत आणते. तिने घरात भट्टी लावली, तर तिलाही परवाना लागेल. हा फरक समजून घेण्यासारखा आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिला नाव आणि मान मिळाला. मोहाला आपल्या भागात अजून फक्त धाड मिळते.

पण मान मिळाला म्हणून अल्कोहोलचं रसायन बदलत नाही. इथे मला थोडं गणित सांगू द्या, इंजिनिअरला तेवढी सूट असावी. ब्रिटनमध्ये दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. तिथल्या डॉक्टरांचा २०१६ पासूनचा सल्ला आहे, की पुरुष असो वा बाई, आठवड्याला चौदा युनिटांच्या वर नियमित जाऊ नये. पंचवीस मिलिलिटर स्लो जिन, २६ टक्क्यांची, म्हणजे पाऊण युनिटाहूनही कमी. आता आपला पव्वा घ्या. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, पावणेआठ युनिटं. एका संध्याकाळचा एक पव्वा म्हणजे आठवड्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. दोन संध्याकाळी, आणि आठवडा संपला. पाच दिवस उरतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की आरोग्याच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही.

हे आकडे मी कोणाला घाबरवायला सांगत नाही. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. साखर, रक्तदाब, यकृत यांचे अहवाल आता आपल्याच नावाने येतात.

आता जे बोलायला मी खरं तर उभी राहिले, ते.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या बॅचची यादी आहे. तीन नावांपुढे 'कै.' लागलं आहे. त्यांतल्या एकाचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि कुठेच लिहिलेलं नाही. श्रद्धांजलीत आपण 'अल्पशा आजाराने' म्हणतो. तो आजार अल्पसा नव्हता, बारा वर्षं चालला होता. कबड्डीत आपल्या शाळेला ढाल मिळवून देणारा तो मुलगा. काल मी त्याच्या आईला भेटायला गेले होते. त्यांना विचारूनच हे सांगते आहे. नाव घेऊ नको म्हणाल्या, बाकी सांग म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "त्याले कोनं जबरदस्तीनं नाई पाजली वं. पन कोनं थांबवलं बी नाई. सारे चांगले मित्र होते त्याचे."

'सारे चांगले मित्र होते' हे वाक्य मी रात्रभर ऐकत होते. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं.

त्या टेबलाकडून मी काय घेऊन आले, ते आता नीट सांगता येईल. जिनची बाटली घेऊन आले नाही. तिथे तीन गोष्टी होत्या, ज्या पुलाजवळच्या दुकानात नव्हत्या आणि आपल्या पार्ट्यांतही नसतात. एक, ग्लासात किती आहे आणि त्यात काय आहे, हे प्रत्येकाला माहीत होतं. दोन, भांडं होतं. म्हणजे नको म्हणायची सोय टेबलावरच मांडलेली होती. त्यासाठी कोणाला कारण द्यावं लागत नव्हतं, औषध चालू आहे असं खोटं सांगावं लागत नव्हतं. तीन, कार्यक्रमाला शेवट होता. साडेनऊला बाईंनी बाटल्यांना बूच लावलं आणि सगळे घरी गेले.

आज रात्री नदीकाठच्या रिसॉर्टवर 'खास कार्यक्रम' आहे, हे मला कळलं आहे. वेगळा ग्रुप केला तरी बायकांना कळतं. मी तो बंद करा म्हणत नाही. आपण मोठी माणसं आहोत, ज्याचा त्याचा निर्णय. माझी विनंती एवढीच, की तिथे एक टेबल असं ठेवा जिथे ताक असेल, लिंबू सरबत असेल, आणि तिथे बसणाऱ्याला 'घे ना यार, एकच' असं कोणी म्हणणार नाही. आपल्यात तिघेजण सोडून वर्ष-दोन वर्षं झालेले आहेत. त्यांनी मला स्वतः सांगितलं. त्यांतला एकजण या रात्रीच्या भीतीने मेळाव्यालाच येणार नव्हता. शाळेत यायला घाबरावं, असं गृहपाठ सोडला तर कशानेच होऊ नये.

आणि जो अजून सुटलेला नाही, त्याला टोमणे मारू नका. तो आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, स्वतःच्या जोरावर सोडणं धोक्याचं असू शकतं. झटके येतात, भ्रम होतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत सोडायचं असतं. शपथ घालून, खोलीत कोंडून नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत होतात, तिथे फी नाही आणि नावही विचारत नाहीत. आपल्या बॅचमध्ये चार डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी मला काल शब्द दिला आहे, की बॅचमधल्या कोणीही, कधीही फोन केला, तर ते ऐकतील आणि ग्रुपवर एक अक्षरही जाणार नाही. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच. कोण ते दोघे, हे चहाच्या वेळी ते स्वतःच सांगतील.

बायकांनो, तुम्हालाही एक. हा प्रश्न 'पुरुषांचा' म्हणून सोडून देऊ नका. शहरात आपल्या वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसणाऱ्या बायकांच्या हातातही आता ग्लास आहे. गुलाबी, गोड, छान लेबलचा. तो धरायचा की नाही हे तुम्ही ठरवा. पण धरला, तर लेबल वाचा.

आमच्या बाजूने शेवटची बातमी. आई आणि तिच्या मैत्रिणी मतदारयादी घेऊन पुन्हा घरोघर फिरताहेत. या वेळी मतं मागायला नाही. वारलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या बायकांची नावं कमी करण्याचे अर्ज भरून घ्यायला. छेद दुरुस्त करायचा, मग अंश मोजायचा. सर, तुमची विद्यार्थिनी मी होते, पण गणित माझ्या आईने सोडवलं.

मी येताना स्लोचा आणि सफरचंदाचा जॅम आणला आहे. त्यात अल्कोहोलचा थेंबही नाही, सामानात बाटली नेण्याचं धाडस मी केलेलं नाही. चहाच्या टेबलावर, बिस्किटांशेजारी ठेवला आहे. सगळ्यांनी चाखा. विज्ञानाच्या बाईंनी आधी घ्यावा, आणि चव कशी आहे ते एका शब्दात सांगावं. उत्तर चुकलं तरी मी अंगठे धरायला लावणार नाही.